उघडलेली खेळणी : वाचकांचे प्रश्न

सेलवर चालणारी गाणारी-बोलणारी खेळणी उघडून, त्यांच्या बोर्डावर नको तिथे तारा जोडून भलतेच आवाज काढायचे, या उद्योगाला सर्किट बेंडिंग म्हणतात. गेल्या अंकात मी त्यावर लिहिलं, बोर्डाला ओलं बोट लावून आवाज बदलायची युक्तीही सांगितली, आणि पत्रांचा ढीग आला. त्यांतली बरीच पत्रं मुलांच्या आयांची आहेत आणि काहींचा सूर तक्रारीचा आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत. तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत जन्म गेल्यामुळे उत्तरं जरा मास्तरणीसारखी वाटतील, ते सोसून घ्या.

ओल्या बोटाची तुमची युक्ती मी गाणाऱ्या मोटारीवर करून बघितली. काहीच झालं नाही. या मोटारीच्या सर्किटचा नकाशा कुठे मिळेल?
– नववीतला विद्यार्थी, कऱ्हाड

नकाशा मिळणार नाही आणि मिळाला तरी तुझं काम त्यावाचून अडलेलं नाही. बोर्डाच्या मध्यावर जो काळा, चकचकीत ठिपका दिसतो, सगळी करामत त्याच्या आत आहे. उघडी चिप थेट बोर्डावर चिकटवतात, केसाहून बारीक तारांनी जोडतात आणि वरून इपॉक्सी ओततात. तो ठिपका खरवडायला जाऊ नकोस. आतली तार तुटली की खेळणं कायमचं मुकं.

आता बोटाचं. बोट कुठे ठेवलंस ते तू लिहिलेलं नाहीस. ठिपक्याच्या आसपास दोन-चार रेझिस्टन्स, म्हणजे वीज अडवणारे छोटे भाग, असतात, स्वस्त खेळण्यात कधीकधी एकच. त्यांतला एक चिपच्या आतल्या घड्याळाचा वेग ठरवतो आणि त्या घड्याळावर गाण्याची लय आणि पट्टी दोन्ही चालतात. हा रेझिस्टन्स बहुधा लाखाच्या घरातला असतो. त्यावर लाल-लाल-पिवळा असे पट्टे दिसले तर तो 220 किलोओहमचा. चपटा, तांदळाएवढा असेल तर त्यावर 224 छापलेलं असतं, तोही तेवढाच. गाणं चालू कर, बोटाचं टोक पाण्यात बुडवून झटक, आणि बोर्ड उलटा करून त्या रेझिस्टन्सच्या दोन्ही पायांवर, म्हणजे सोल्डरच्या दोन्ही टिंबांवर, एकाच वेळी टेकव. ओली कातडी स्वतःच एक रेझिस्टन्स आहे. ती मूळच्या रेझिस्टन्सला समांतर जोडली गेली की एकूण आकडा घटतो, घड्याळ पळायला लागतं आणि गाणं वर चढतं. जोरात दाबलंस तर आणखी चढेल. कोरड्या बोटाने यातलं काही होत नाही, आणि एकाच पायावर बोट ठेवूनही नाही. तुझं इथेच कुठेतरी चुकलं असावं.

जागा सापडली की स्केचपेनने खूण कर. मग त्या रेझिस्टन्सचा एक पाय सोडव आणि मधल्या फटीत एक मेगाओहमचा पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टन्स, जोड. पॉट शून्यावर असताना गाणं मूळ चालीत वाजेल आणि फिरवत नेलास की उतरत जाईल. मोटारीतला हॉर्न आधी भोंग्यासारखा होतो, मग गुरगुर, मग एकेक टकटक वेगळी ऐकू येते. एरवी कानाला न जाणवणारी एक शिट्टीही मागून खाली उतरत येते. चिप साठवलेल्या आवाजाचे तुकडे ज्या वेगाने बाहेर टाकते, त्या वेगाची ती शिट्टी असते. मला ती हॉर्नपेक्षा आवडते.

एवढं करूनही काही झालं नाही तर तुझ्या चिपचं घड्याळ तिच्या पोटातच आहे. हल्लीच्या बऱ्याच खेळण्यांत तसं असतं. मग सेलकडून येणाऱ्या तारेत एक किलोओहमचा पॉट घाल आणि चिपला उपाशी ठेव. सेल उतरताना खेळणी जशी रडकी होतात तसा आवाज मिळेल, फक्त तो तुझ्या मुठीत असेल.

मुलगा सातवीत आहे. तुमचा लेख वाचल्यापासून घरातलं एक खेळणं धड राहिलेलं नाही. शॉक लागेल का, एवढंच सांगा.
– एक आई, ठाणे

पेन्सिल सेलवरच्या खेळण्यात नाही. तीन सेलचे साडेचार व्होल्ट होतात, त्याने कोणाला शॉक बसत नाही. म्हणूनच बोटं घालायची मुभा आहे.

धोके दुसरीकडे आहेत. भिंतीतल्या प्लगला लागणारी कुठलीही वस्तू त्याने उघडायची नाही. अडॅप्टरवर चालणारं खेळणं असलं तरी अडॅप्टर काढून सेल घालायचे. जुना फ्लॅशचा कॅमेरा हातात पडू देऊ नका. सेल काढले तरी फ्लॅशच्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, तीनशे व्होल्टच्या आसपास साठा राहतो आणि तो माणसाला फेकून देतो. आणि हल्लीची चार्जिंगची खेळणी नीट बघा. आत चांदीच्या रंगाची चपटी पिशवी किंवा जाड लिथियम सेल असतो. पेन्सिल सेलच्या दोन टोकांना चुकून तार लागली तर तो गरम होतो. लिथियमचा पेट घेतो. तो सेल शाळेच्या लॅबमधल्या किंवा दुकानातल्या जाणत्या माणसाकडून काढून घ्या आणि जागी तीन रिचार्जेबल निकेलचे पेन्सिल सेल लावा. त्यांचे मिळून 3.6 व्होल्ट होतात, म्हणजे जवळपास तेवढेच.

नाणंछाप बटण सेल निघाले तर डब्यात बंद. घरात धाकटं भावंड असेल तर हे सगळ्यात आधी, कारण ते सेल पोरं गिळतात आणि आतून अन्ननलिका जळते. सोल्डरिंग पंचवीस वॉटच्या गनने, खिडकीशी बसून करावं. सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा हात धुतल्याशिवाय खाऊला हात लावू देऊ नका.

बाकी तोडू दे. पण शेजारच्या बाळाचं खेळणं आणलं तर मात्र कान उपटा.

देवघरात सासूबाईंची मंत्राची पेटी आहे, प्लगला लावायची. तिचा मंत्र एकदम संथ करून त्यातून तानपुऱ्यासारखा नाद काढावा असं माझ्या मनात आहे. सासूबाई म्हणतात, पाप लागेल. तुमचं काय मत?
– गृहिणी, वाई

पापाचं सासूबाईंना विचारा, शॉकचं मला. या पेटीला हात लावू नका.

प्लगमध्ये थेट बसणाऱ्या स्वस्त पेट्यांमध्ये बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मर नसतोच. एक चपटा, तपकिरी किंवा पिवळा कंडेन्सर असतो, त्यावर 105J 400V असं काहीसं छापलेलं असतं, आणि तोच 230 व्होल्टला आवर घालून चिपला चार-पाच व्होल्ट देतो. चिपला चार-पाचच मिळतात हे खरं, पण सगळा बोर्ड भिंतीतल्या लाइनला थेट बांधलेला असतो. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने त्यावर कुठेही ओलं बोट ठेवलं तर साडेचारचा नव्हे, लाइनचा झटका बसतो. पिन काढल्यावरही कंडेन्सर थोडा वेळ भरलेला राहतो. मागच्या लेखातली ओल्या बोटाची युक्ती वाचून कोणी अशी पेटी उघडली असेल तर ताबडतोब बंद करा.

देवळाबाहेरच्या दुकानांत सेलवर चालणाऱ्या पेट्याही मिळतात. तशी एक स्वतःच्या पैशाने घ्या आणि ती उघडा. देवघरातली तशीच वाजू दे. मंत्र तिप्पट संथ झाला की शब्द विरघळतात आणि नुसती हुंकारासारखी लाट उरते. ती ऐकवल्यावर सासूबाईंचं मत बदलेल असं मी म्हणत नाही. पण बीजिंगमध्ये राहणाऱ्या एफएम थ्री या जोडीने बौद्ध मंदिरांतल्या अशाच जपाच्या पेटीवरून 2005 मध्ये बुद्ध मशीन नावाची प्लास्टिकची डबी काढली. तिच्यात नऊ छोटे नादखंड होते आणि ते न थांबता फिरत राहायचे. जगभर खपली ती. तुमच्या डोक्यात जे आलंय ते वेड्यासारखं नाही, एवढंच सांगते.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्पष्ट लिहितो, राग नसावा. हे इलेक्ट्रॉनिक्स नाही, अंदाजपंचे आहे. असले सगळे आवाज आर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्रॅम लिहून चालवायच्या छोट्या बोर्डावर, चार ओळी लिहून काढता येतात. मग खेळणी कशाला मोडायची?
– विद्यार्थी, पुणे

राग नाही. चार ओळींत आवाज निघतात, मान्य. पण त्या चार ओळी लिहिण्यासाठी कुठला आवाज हवा हे आधी ठाऊक असावं लागतं.

रीड गझालाचं बघा. 1966-67 च्या सुमारास अमेरिकेतल्या सिनसिनाटीत हा शाळकरी मुलगा होता. नऊ व्होल्टवर चालणारा एक छोटा अँप्लिफायर, मागचं झाकण निघालेला, त्याच्या टेबलाच्या खणात पडला होता. खणातल्या कुठल्याशा धातूच्या वस्तूला बोर्ड टेकला आणि आतून चढते-उतरते, ओरडणारे आवाज यायला लागले. तेव्हा मूग कंपनीचे सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारी वाद्यं, नुकते आले होते आणि ते घरी नेणं पैसेवाल्या स्टुडिओंचं काम होतं. (आपल्याकडे 1969 मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत मूगचा स्टुडिओ उभा करून दिला, तो संस्थेचा म्हणून शक्य झालं.) गझालाने दोन आणि दोन जोडून पाहिलं: आपोआप लागलेल्या शॉर्टने हे होतं, तर मुद्दाम लावलेल्या शॉर्टने काय होईल? पुढे कितीतरी वर्षं तो हेच करत राहिला आणि 1992 मध्ये त्याने या प्रकाराला सर्किट बेंडिंग हे नाव दिलं. त्याच्याकडे सिद्धान्त नव्हता, कान होता.

आता तुमच्या अभ्यासक्रमातलंच उदाहरण घ्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 1978 मध्ये स्पीक अँड स्पेल हे स्पेलिंग शिकवणारं खेळणं काढलं. त्यात कोणाचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवलेला नव्हता. मेमरीत होती ती आकड्यांची यादी: प्रत्येक 25 मिलिसेकंदांसाठी आवाजाची पट्टी किती, जोर किती, आणि फिल्टरचे दहा गुणांक कोणते. म्हणजे गळा, जीभ, टाळू यांची मांडणी. चिप हे आकडे वाचते आणि तो गळा तिथल्या तिथे घडवून बोलते. लिनिअर प्रेडिक्शन म्हणून तुम्ही जे पाठ करता, ते हेच. बेंडिंग करणारे काय करतात, तर मेमरी आणि बोलणारी चिप यांच्यामधल्या तारांपैकी दोन एकमेकींना जोडतात. आकडे भलतेच जातात. चिपला ते भलते आहेत हे कळायचं साधनच नसतं, ती इमानेइतबारे तोंड उघडते आणि माणसाच्या गळ्यातून, माणसाच्या लकबीत, कुठल्याच भाषेत नसलेली बडबड सुरू होते. गझालाने अशी बरीच बनवली आणि त्यांना इन्कँटर म्हटलं.

ही बडबड लिहून काढायची तर आधी त्या चिपचं वागणं पूर्ण जाणून घ्यावं लागेल, तिच्या न ठरवलेल्या वागण्यासकट. जरूर करा, मला बघायला आवडेल. पण तुमची चार ओळींची गोष्ट मग चार महिन्यांची होईल.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. आजची खेळणी वाकवायला फारशी उदार नाहीत. मेमरी आणि चिप एकाच काळ्या ठिपक्यात, त्यामुळे मधल्या तारा हाताला लागत नाहीत. उरतं ते घड्याळ, सेलचा पुरवठा, आणि बटणांच्या तारा. या शेवटच्या जागेला कमी लेखू नका. एकच चिप वेगवेगळ्या खेळण्यांत घातलेली असते आणि प्रत्येकात तिच्यातले थोडेच आवाज बटणांना जोडलेले असतात. बटणांच्या पट्ट्या एकमेकींना आडव्या-तिडव्या जोडत गेलात की खेळण्यातल्या टेलिफोनमधून रुग्णवाहिका जाते किंवा बदक ओरडतं. ते आत होतंच, त्याला दार ठेवलं नव्हतं.

माझ्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा सूर हल्ली मधूनच हलतो. फेकण्यापेक्षा त्याचं बेंडिंग करता येईल?
– गायन शिक्षक, मिरज

नको. तानपुऱ्याकडून आपल्याला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे स्थैर्य. ते घालवून त्याला गमतीदार करण्यात मला रस नाही. शिवाय तो मेनवर, म्हणजे भिंतीतल्या विजेवर, चालतो. सूर हलतो म्हणजे बहुतेक सूर लावायच्या पॉटमध्ये धूळ गेली असेल. दुरुस्तीवाल्याकडून स्प्रे मारून घ्या, नाहीतर पॉटच बदला. आणि गुरुजी, तुम्ही मिरजेत राहता, जिथले तानपुरे देशभर जातात. मला काय विचारता?

जुन्या बाजारात कॅसिओचा एसके-1 मिळाला, चालू आहे. उघडू का?
– वाचक, कोल्हापूर

चालू असेल तर उघडू नका. ऐंशीच्या दशकातला हा छोटा कीबोर्ड, बत्तीस पट्ट्यांचा. माइकमध्ये खोकलात तरी तो खोक सगळ्या पट्ट्यांवर सुरात वाजवून दाखवतो. बेंडिंगवाल्यांचा लाडका आहे आणि त्यांच्याच हातून त्यातले पुष्कळ मेले. नवे आता होणार नाहीत. आधी शंभर रुपयांच्या चार खेळण्यांवर हात बसवा. बंद पडलेला एसके-1 मिळाला तर मला कळवा.

आमचा चौघांचा बँड आहे. बेंड केलेला खेळण्यातला पियानो स्वतःच्या स्पीकरवर झकास वाजतो. स्पीकरच्या दोन तारा काढून मिक्सरला जोडल्या की आवाज चिरका होतो नाहीतर गायबच. काय करावं?
– म्हापसा, गोवा

तुमची गोष्ट नेहमीची आहे. तुम्ही स्पीकरची एक तार सिग्नल आणि दुसरी अर्थ धरून जोडली. पण आजच्या बहुतेक खेळण्यांत दोन्ही तारांवर सिग्नल असतो, एकीवर उलटा आणि दुसरीवर सुलटा. त्यातली एक तुम्ही मिक्सरच्या अर्थला दिलीत म्हणजे चिपचं अर्धं तोंड दाबलंत. जास्त वेळ तसंच ठेवलं तर ती बाजू जळतेही.

मधे छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला, 600 ला 600 ओहमचा. जुन्या डायलअप मोडेममध्ये तो हमखास असतो आणि मोडेम भंगारात किलोवर मिळतात. तुमच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही एखादा सापडेल. स्पीकरच्या दोन तारा ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला, त्यातल्या एकीत 4.7 किलोओहमचा रेझिस्टन्स, म्हणजे आवाज मिक्सरला झेपेल इतका खाली येईल. दुसरी बाजू जॅकला. दोन्ही बाजूंमध्ये धातूचा संबंध राहत नाही, त्यामुळे स्टेजवरचा हम्मही जातो.

अजून एक. कार्यक्रमात खेळणं मधेच थिजणार. शॉर्टमुळे चिप गोंधळते आणि एकच सूर धरून बसते किंवा गप्प होते, आणि चालू-बंदचं बटण दाबूनही कधीकधी शुद्धीवर येत नाही. त्यासाठी सेलच्या तारेतच एक दाबायचं बटण घाला, दाबलं की पुरवठा तुटेल असं. दोन-तीन सेकंद दाबून धरायचं. तेवढ्यात ड्रमवाल्याने काहीतरी वाजवावं, ही जबाबदारी आधी त्याला सांगून ठेवा.

मी अशी बेंड केलेली खेळणी रंगवून विकावी म्हणते. चालेल का?
– नागपूर

विका, पण खेळणी म्हणून नाही. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. तुम्ही आतल्या तारा बदलल्या, टोकदार स्क्रू बाहेर काढले, की कारखान्याने मिळवलेलं चिन्ह त्या वस्तूला लागू राहत नाही. वाद्य किंवा कलावस्तू म्हणून, मोठ्यांसाठी असं ठळक लिहून विका आणि मूळ खेळण्यावरचं आयएसआय चिन्ह झाका. आणि कृपा करून नुसते पांढरे रंग आणि निळे एलईडी लावू नका. त्यापेक्षा आतला आवाज चांगला करा.

कलामहाविद्यालयाच्या प्रदर्शनात मला असं काहीतरी ठेवायचं आहे की जे पाहुणे हाताळतील. पॉट फिरवणं सगळेच करतात. वेगळं काय करता येईल?
– विद्यार्थिनी, नाशिक

पॉटच्या जागी एलडीआर, म्हणजे उजेडाने बदलणारा रेझिस्टन्स, लावलास तर प्रकाशाने पट्टी बदलेल. उजेडात त्याचा रेझिस्टन्स हजार-दोन हजार ओहमवर येतो आणि अंधारात मेगाओहमवर जातो. माणूस जवळ आला, सावली पडली की गाणं खाली उतरतं. सोपं आहे आणि दिसायला छान, पण सभागृहातले दिवे कोणी लावले-घालवले की तुझं काम त्यांच्या तालावर नाचेल, हे लक्षात घे.

मला त्यापेक्षा स्पर्श आवडतो. घड्याळाच्या रेझिस्टन्सच्या दोन टोकांपासून दोन तारा काढ आणि पितळेच्या दोन गोल चकत्यांना जोड. हार्डवेअरच्या दुकानातल्या ड्रॉवरच्या पितळी मुठीही चालतात. एका माणसाने दोन्हींवर हात ठेवले तर सूर वर जाईल. आता चकत्या एका माणसाचे हात पोचणार नाहीत इतक्या लांब लाव. एकाने एक धरायची, दुसऱ्याने दुसरी, आणि मग एकमेकांचा हात धरायचा. हात धरला की सूर चढतो, मूठ सैल केली की उतरतो, तळहाताला घाम असेल तर आणखीच चढतो. गझालाच्या यंत्रांतही असे स्पर्शाचे बिंदू असत. त्याच्याशी संबंध नसलेल्या मिशेल वाइसविझने 1970 च्या दशकात ॲमस्टरडॅमच्या स्टाइम या स्टुडिओत क्राकडोस नावाची पेटी केली. तिच्यावर पट्ट्या नव्हत्या, नुसते धातूचे तुकडे होते आणि बोटंच सर्किट पूर्ण करायची.

मूळ रेझिस्टन्स काढू नकोस, नाहीतर कोणी हात लावत नसताना घड्याळच थांबेल. चकत्यांकडे जाणाऱ्या एका तारेत 47 किलोओहमचा एक जोडून ठेव, म्हणजे कोणी दोन्ही चकत्यांमध्ये किल्ल्यांची साखळी टेकवली तरी चिप बेभान होणार नाही. टेकवणार, खात्री बाळग. अडॅप्टर वापरू नकोस, सेलच. प्रदर्शन तीन दिवसांचं म्हणतेस तर सेलचा दुसरा संच जवळ ठेव, पितळ रोज सकाळी चिंचेने घासून पुसून घे, आणि थिजलेल्या चिपचा पुरवठा तोडणारं रिसेटचं बटण पाहुण्यांना दिसेल असं मोठं, लाल लाव. सगळ्यात जास्त तेच दाबलं जाईल.